कोपऱ्यातील फिकट अक्षरे

“आण्णा, चोरी न करायचा नियम घेतलासा म्हणे?” माझ्या संगणकांच्या खेळघराच्या उंबऱ्यावर चपला काढता काढता तेथील संगणक सांभाळणाऱ्या भरत कोथळेने विचारले.

“घेतला,” मी उत्तरलो. “काल महाराजांच्या सभेत. सर्वांसमक्ष.”

“मग ह्या कोपऱ्यात काय लिवलंय, तेवढं वाचा की.”

त्याने पहिल्या संगणकाच्या पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तेथे फिकट राखाडी रंगाची इंग्रजी अक्षरे होती. ती मी नित्य पाहत आलो होतो. परंतु भिंतीवरील ओल जशी आपण पाहूनही पाहत नाही, तशीच ती होती. माझे शिक्षण नववीत सुटले, आणि इंग्रजी तर त्याच्याही आधी सुटले होते.

“काय लिहिले आहे?”

“हे विंडोज इकत घेतल्यालं न्हाई, असं लिवलंय. सगळ्या मशीनवर तेच. मीच घातलंय न्हवं! चोरीचं हाय, आण्णा. एक नंबर चोरीचं.”

तो हसला. मला हसू आले नाही.

त्या वर्षी आमच्या जयसिंगपुरात एका दिगंबर मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. प्रवचनाच्या अंती महाराज श्रावकांस एखादा नियम घ्यावयास सांगत. कोणी बटाटा सोडी, कोणी रात्रीचे भोजन. माझ्या शेजारी बसलेल्या बाळगोंडा खतवाल्याने कांदा सोडला, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. माझी पाळी आली. रात्रीचे भोजन सोडावे, तर दुकान बंद करून घरी पोहोचेपर्यंत अंधार पडतो. कांदा सोडावा, तर इतका वैराग्यभाव अंगी नाही. मनात विचार आला की, आपण आयुष्यात कोणाची काडीही उचललेली नाही. तेव्हा चोरीच सोडावी. जे कधी केलेच नाही, ते सोडण्यास श्रम पडत नाहीत. मी हात जोडून अचौर्याचा नियम घेतला, आणि स्वस्तात सुटलो अशा समाधानाने घरी येऊन भरपूर जेवलो.

आणि दुसऱ्याच दिवशी भरत कोथळे हे सांगत होता.

“ह्याला उपाय?” मी विचारले.

“खरं विंडोज इकत घ्या. एकेका मशीनला.” त्याने मोल सांगितले. मी ते पुन्हा विचारले नाही.

माझी कन्या त्रिशला तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षात होती आणि त्या वेळी आतल्या खुर्चीवर खेळत होती. ती म्हणाली, “आप्पा, एवढं मनाला लावून घेऊ नका. सगळ्या गावाचं तसंच आहे.”

ती काही चुकीचे बोलत नव्हती. तरीही माझे समाधान होईना. म्हणून मी महाराजांपुढे जाऊन बसलो आणि सर्व हकिकत निवेदन केली. संगणक म्हणजे काय, हे महाराजांस ठाऊक नव्हते, आणि ते समजावून सांगण्याइतके मलाही नीट ठाऊक नव्हते. महाराजांनी शांतपणे विचारले, “वस्तू कोणाची?”

“महाराज, एका परदेशी कंपनीची.”

“त्यांनी ती तुला दिली?”

“नाही. भरत कोथळेने दिली.”

“भरत कोथळेला त्यांनी दिली?”

“नाही, महाराज. परंतु त्या कंपनीस ठाऊकही नाही. तिचे काही कमीही झाले नाही. तिची वस्तू तिच्यापाशी आहेच.”

“मग तुझ्यापाशी काय आहे?”

मागे बसलेल्या मंडळींत हशा पिकला. महाराज मात्र हसले नाहीत. “जे मालकाने दिले नाही, ते घेऊ नये. जे मालक आपण होऊन देतो, ते घ्यावे,” एवढेच ते म्हणाले.

हे मी भरतला सांगितले, तेव्हा तो डोके खाजवू लागला. मग म्हणाला, “आपण होऊन देत्यात असं एक हाय बघा. लिनक्स. विंडोजच्या जागी बसतंय. फुकट. कुणीबी घ्या, वाटा, काय बी करा. मालकच म्हणतोय, घ्या म्हणून.”

“मग आजवर का बसवले नाहीस?”

“कारण त्याच्यावर गेम चालतीलच असं न्हाई.”

“चालतात की चालत नाहीत?”

“चालत्यात बी, न चालत्यात बी.”

हे उत्तर पुढे चार महिने माझ्या जिवाला लागले. आमच्या खेळघरात गोळीबाराचे खेळ मी प्रथमपासूनच ठेवले नव्हते. आमच्या समाजास ते शोभत नाही. मोटारींच्या शर्यती, फुटबॉल, आणि त्रिशलाचा आवडता ‘डस्ट फोर्ट’ हा किल्ल्याचा खेळ, असे मोजकेच होते, आणि ते त्यांच्या कंपन्याच फुकट देत. भरतने एका रविवारी सर्व संगणकांवर लिनक्स बसविले, आणि सोमवारपासून माझी परीक्षा सुरू झाली.

“आण्णा, स्टार्टचं बटन कुठं गेलं?”

“आण्णा, माझी गाडी दिसंना, नुसता आवाज येतोय!”

“माझी गाडी दिसतीया, आवाज न्हाई. आम्ही दोघं शेजारी बसू काय?”

फुटबॉल पूर्वीपेक्षा वेगाने चालू लागला; का, ते भरतलाही सांगता येईना. शर्यतीचा एक खेळ मंगळवारी चालला, बुधवारी नाही, गुरुवारी पुन्हा चालला. लिनक्सवर विंडोजचे खेळ थेट चालत नाहीत; मधे एक दुभाषी ठेवावा लागतो, असे भरत म्हणे. तो दुभाषी कधी मन लावून काम करी, कधी रुसून बसे. गिऱ्हाईक येऊन विचारी, “आज चालतंय का?” आणि मी अत्यंत प्रामाणिकपणे उत्तर देई, “काही चालते, काही चालत नाही, काही काल चालत होते.” असे उत्तर ऐकून मनुष्य दुसऱ्या खेळघरात न गेला तरच नवल.

त्रिशला मात्र गेली नाही. ‘डस्ट फोर्ट’ लिनक्सवर चालत होता, आणि ती रोज कॉलेजातून येऊन त्यावर बसे. या खेळात दोघे गडी एका ओसाड किल्ल्यात शिरतात. जो झेंडा घेऊन बाहेर पडेल, तो जिंकला. ज्याच्या पाठीवर दुसऱ्याचा हात पडेल, तो बाद. मला तो आट्यापाट्यांसारखा वाटे. त्यात डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचे. डोक्याला हेडफोन लावून प्रतिस्पर्ध्याची पावले ऐकावयाची असतात. त्रिशलाचा कान विलक्षण होता. वाळूवरचे पाऊल कोणते, फरशीवरचे कोणते, आणि फसविण्यासाठी मुद्दाम वाजविलेले कोणते, हे ती क्षणात ओळखी. इतर वेळी अबोल असणारी ही मुलगी खेळताना गालात हसत असे.

दिवाळीनंतर पुण्याहून नाईकनवरे नावाच्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. ‘डस्ट फोर्ट’चे खेळाडू तयार करणाऱ्या एका क्लबचे ते चालक होते. आमच्या भागातून त्यांना एकच खेळाडू निवडावयाचा होता, आणि इंटरनेटवरील खेळ पाहून शेवटी दोन नावे उरली होती: आमची त्रिशला आणि मिरजेचा अझीम मुल्ला. जो जिंकेल त्याने वर्षभर पुण्यात राहावयाचे, तेथेच शिकावयाचे व खेळावयाचे. सर्व भार क्लबचा. सामना आमच्याच खेळघरात होणार होता. त्या दिवशी त्रिशला जेवली नाही. तिच्या आईने कारण विचारले, तेव्हा म्हणाली, “पोट भरलंय.” मुलीने आजवर माझ्यापाशी काहीच मागितले नव्हते. हेही तिने मागितले नाही. पण तिला काय हवे आहे, ते मला प्रथमच स्पष्ट दिसले.

सामन्याच्या दिवशी खेळघर गच्च भरले. जी मंडळी लिनक्सला कंटाळून निघून गेली होती, तीही पाहावयास आली. अझीम मुल्ला हा किडकिडीत, हसतमुख तरुण आपला लॅपटॉप घेऊन आला होता, व त्याचा थोरला भाऊ आपलाही लॅपटॉप पाठीवर घेऊन सोबत होता. सर्वांस दिसावे म्हणून भरतने भिंतीवर टीव्ही लावला होता.

खेळ सुरू झाला. किल्ला उमटला. त्रिशलाचा गडी दरवाजापर्यंत गेला, आणि अकस्मात पडदा काळा झाला. त्यावर तांबडी अक्षरे उमटली.

“काय झाले?” मी विचारले.

भरत मोठ्याने वाचू लागला. “ह्या संगणकावर अप्रामाणिक साधन असल्याचा संशय हाय. खेळाडूला बाहेर काढण्यात येतंय.”

“काय ताई!” अझीम तिकडून ओरडला. “हॅक लावलंस व्हय? आमच्या मिरजंत असं करत न्हाईत हां!”

मागून कोणीतरी “चोर, चोर” असे ओरडले, आणि हास्याचा गदारोळ झाला. त्रिशला जागची हलली नाही. तिचे कान लाल झाले होते.

पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या संगणकावर केला. प्रत्येक वेळी तीच तांबडी अक्षरे. अखेर भरतने आपल्या मोबाइलवर शोध घेऊन उलगडा केला. या खेळाच्या पोटात एक पहारेकरी असतो. कोणी लबाडी करीत नाही ना, हे तो पाहतो. कालपर्यंत तो लिनक्सला आत सोडीत होता. आज सकाळी त्यास नवा हुकूम आला होता, की लिनक्स दिसले की बाहेर काढावे. कारण आत काय चालले आहे, ते तेथे त्याला नीट दिसत नाही.

“परंतु आमच्यापाशी लबाडी नाही,” मी नाईकनवऱ्यांस म्हणालो. “साहेब, या खोलीत चोरीची म्हणून एकही वस्तू नाही. सर्व मालकाने आपण होऊन दिलेले आहे.”

नाईकनवरे भले गृहस्थ होते. ते म्हणाले, “मगदूमसाहेब, मी कुठे नाही म्हणतो? पण विंडोज घाला ना. सगळे तेच वापरतात.”

“ते चोरीचे आहे.”

“सगळ्यांचंच चोरीचं आहे हो. पहारेकरी ते बघत नाही.”

“मग तो पाहतो तरी काय?”

त्यांनी घड्याळ पाहिले. “चहा होईपर्यंत थांबतो,” म्हणाले. “यंत्र बदलायला नियमात परवानगी आहे. त्यानंतर मात्र मला अझीमला विजयी ठरवावं लागेल.”

चोरीचे होते, तेव्हा पहारेकरी आत सोडीत होता; चोरी टाकली, तेव्हा त्याने आम्हास चोर ठरविले. यात कोण साव आणि कोण चोर, हे मी मनात उलटेसुलटे मांडून पाहिले, तरी हिशेब जुळेना.

भरत माझ्या कानाशी आला. “आण्णा, विंडोजवाली जुनी डिस्क माझ्या पिशवीत हाय. चहाचा कप संपायच्या आत लावतो. लावू?”

त्रिशला माझ्याकडे पाहत होती. मी ओठ उघडले. काय बोलणार होतो, ते आजही मला ठाऊक नाही. तोच ती म्हणाली, “नको, भरतदा. आप्पांचा नियम आहे.”

“अगं, पुणं जाईल!”

“जाऊ दे.”

तिने ज्या स्वरात ‘जाऊ दे’ म्हटले, तो स्वर मला ऐकवला नाही. मी चहाच्या किटलीकडे पाहत राहिलो.

तेवढ्यात अझीम उठून आला. त्याचे हसू मावळले होते. “ताई, मगाशी मस्करी केली, मनावर घेऊ नगंस. असं फुकटात जिंकून मी पुण्यात काय तोंड दाखवू? माझ्या भावाचा लॅपटॉप हाय. त्याच्यावर बस. माझ्यावाल्यापेक्षा चांगला चालतोय बघ.”

भावाने लॅपटॉप उघडून तिच्यापुढे ठेवला. पडदा उजळला. उजव्या खालच्या कोपऱ्यात तीच फिकट राखाडी अक्षरे होती. ती मी पाहिली, आणि मी पाहिल्याचे त्रिशलाने पाहिले.

“आप्पा, बसू?” तिने विचारले.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आमच्यात नियम तीन प्रकारे पाळावयाचा असतो. कृत, कारित आणि अनुमोदित. म्हणजे स्वतः करावयाचे नाही, दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचे नाही, आणि कोणी करीत असेल तर त्यास ‘छान केलेस’ असेही म्हणावयाचे नाही. हा लॅपटॉप माझा नव्हता. त्यात विंडोज मी घातले नव्हते, घालावयास सांगितलेही नव्हते. पहिल्या दोन प्रकारांतून मी सुटत होतो. परंतु मी ‘बस’ म्हणालो असतो, तर तिसऱ्यात सापडत होतो. आणि ‘बसू नकोस’ म्हणावे, तर मी तिचा बाप होतो.

मी काहीच बोललो नाही. होकाराची मान हलविली नाही, नकाराचीही नाही. त्रिशला क्षणभर थांबली, मग खुर्ची ओढून बसली.

“आण्णा,” भरत हळूच म्हणाला, “गप ऱ्हाणं म्हंजे हो का न्हाई?”

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. आणि तिच्याकडे पाठ करून भिंतीवरील टीव्हीसमोर उभा राहिलो. दोन्ही हात मी पाठीमागे घट्ट धरले होते.

तीन डाव होते. पहिला अझीमने घेतला. त्रिशलाचा गडी अडखळत होता, वळावयास उशीर करीत होता. परक्या यंत्रामुळे तसे होत असावे, असे लोक म्हणाले.

दुसऱ्या डावात अझीमने झेंड्याची वाट अडवून धरली. त्रिशलाचा गडी किल्ल्याच्या भिंतीलगत निपचित उभा होता. बराच वेळ काहीच घडेना. लोक कुजबुजू लागले. मग तिने एक दगड दूरच्या विहिरीत टाकला. तो आवाज ऐकून अझीमचा गडी विहिरीकडे वळला, आणि त्याच्या वळलेल्या पाठीमागून, त्याच्याच पावलांत पाऊल मिसळून, ती झेंड्यापर्यंत चालत गेली. पळाली नाही, चालत गेली. त्याच्या पावलाबरोबर पाऊल, तो थांबला की थांबणे. झेंडा उचलून ती दरवाजाबाहेर पडली, तरी अझीम विहिरीतच पाहत होता.

खोली क्षणभर स्तब्ध झाली. आणि त्या स्तब्धतेत एक टाळी वाजली. एकच. मी खाली पाहिले, तो माझेच दोन्ही हात पुढे येऊन एकमेकांस भिडलेले होते. नंतर सर्वांच्याच टाळ्या पडल्या आणि माझी त्यांत बुडून गेली. मी हात पुन्हा पाठीमागे नेले.

तिसरा डाव अल्पकाळ चालला. त्रिशलाचा गडी एका कमानीखाली उभा होता. अझीम मागच्या फरशीवरून येत होता, अगदी सरळ, काहीही न लपविता. टीव्हीवर त्याची पावले आम्हा सर्वांस दिसत होती. ‘आता वळेल, आता वळेल’ असे मी मनात म्हणत होतो. फरशीवरचे पाऊल तर ती झोपेतही ओळखील. ती वळली नाही. त्याचा हात तिच्या पाठीवर पडला.

अझीमला आनंद झाला खरा, परंतु तो नवलाने तिच्याजवळ आला. “ताई, माझी पावलं ऐकू आली न्हाईत व्हय?”

“नाही,” ती म्हणाली. “चांगला खेळलास. पुण्याला नीट जा.”

नाईकनवऱ्यांनी तिचा खेळ उत्तम झाल्याचे सांगितले, माझ्याशी हस्तांदोलन केले, आणि ते अझीमला घेऊन गेले. त्यांचा पुन्हा दूरध्वनी आला नाही.

त्या गोष्टीस आता पुष्कळ वर्षे लोटली. महाराज विहार करीत कर्नाटकात गेले. खेळघर पुढे बंद झाले आणि त्या जागी आज चष्म्याचे दुकान आहे. लिनक्स पुष्कळ सुधारले आहे असे भरत सांगतो, आणि त्याच दमात, काही खेळांचे पहारेकरी त्यास अजूनही दारातूनच परत पाठवितात, असेही सांगतो. ‘लिनक्सवर खेळ चालतात का हो?’ असे मला अधूनमधून कोणी विचारतो, कारण गावात त्याचा अनुभव प्रथम मी घेतला. मला नेमके उत्तर देता येत नाही.

त्या सायंकाळी खेळघरास कुलूप लावून आम्ही बापलेक पायीच घरी निघालो. बाजारपेठेतील दिवे लागत होते. शेवटी माझ्याने राहवेना.

“यंत्र परके होते,” मी म्हणालो. “त्यामुळेच झाले. हेडफोनही परका. त्यातून पावले नीट ऐकू आली नसतील.”

“हेडफोन चांगला होता, आप्पा.”

“मग?”

“एका कानावरचा काढून ठेवला होता मी. पहिल्यापासून.”

मी थांबलो. ती दोन पावले पुढे जाऊन थांबली.

“अगं, कशासाठी?”

“बसू का विचारलं, तर तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हटलं, तुमचं हो आहे का नाही, ते खेळताना तरी कानावर पडेल.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो.

“दुसऱ्या डावाला तुमची टाळी ऐकली मी,” ती म्हणाली.

“ती माझीच कशावरून?”

“तुमचीच होती.”

“बरे, होती. ऐकलीस ना? मग तिसऱ्या डावात तरी तो कान झाकून घ्यायचा होतास!”

त्रिशला चालू लागली होती. मागे न वळता ती म्हणाली, “अजून एकदा वाजते का, ते ऐकायचं होतं.”